गळाची गाठ: पॅलोमर, क्लिंच की युनी?

रॉड आणि रिळाचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात. गाठीचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही, कारण ती फुकट असते. म्हणून हा.

माझी पसंती युनीला. लोक पॅलोमरचं नाव घेतात आणि ताकदीत ती खरंच सरस आहे, पण देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाऱ्यात उभं राहून गरवायचं (गळाने मासे धरायचे) तर नुसती ताकद पुरत नाही. माझ्या रिळावर 30 पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली दोरी, पुढे लीडर, म्हणजे गळाकडचा दोन हातांचा 40 पौंडी फ्लोरोकार्बनचा तुकडा, आणि त्याला कधी कोळंबी लावलेला गळ, कधी ल्यूर, म्हणजे खोटं आमिष. लीडरला पर्याय नाही. चोणकाच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड भलती धारदार, आणि तांबोशी लागली की पहिली धाव खडकाकडे.

क्लिंच सगळ्यांची पहिली गाठ. पातळ तंगुसावर (नायलॉनच्या दोरीवर) शेंगाळ्यासारख्या माशासाठी काही वाईट नाही. ब्रेडवर मात्र ती सरकते. मासा सुटून दोरी रिकामी आली तर शिव्या घालण्याआधी टोक बघा. तुटलेलं टोक सरळ किंवा खरवडलेलं असेल तर काम खडकाचं नाहीतर दातांचं. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल, तर गाठ उलगडली.

पॅलोमरमध्ये दोरी दुहेरी करून नेढ्यातून काढायची, साधी गाठ मारायची आणि उरलेल्या फासातून अख्खा गळ काढून आवळायचं. ब्रेडवर थेट गळ किंवा जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ) बांधायचा असेल तर डोळे झाकून हीच बांधा. पण दोन तिहेरी गळ लटकणारा लांब ल्यूर त्या फासातून काढून दाखवा! एक गळ दोरीत अडकतो, दुसरा बोटात. शिवाय दर वेळी वीतभर लीडर खाते. तीन-चारदा ल्यूर बदलला की लीडरचं नुसतं नाव उरतं.

युनी या सगळ्यात अडत नाही. टोक नेढ्यातून काढून मूळ दोरीला समांतर मागे आणायचं, वळवून फास करायचा आणि त्याच फासातून दोन्ही दोऱ्यांभोवती वेढे द्यायचे. तंगूस-फ्लोरोला पाच, ब्रेडला आठ. टोक ओढून वेढे बसवायचे, मग मूळ दोरी ओढून गाठ नेढ्यापाशी सरकवायची. आवळण्याआधी ओली करायची. आमच्या जेटीवरचे एक म्हातारे कोणाच्याही हातात गाठ दिसली की ओरडतात, "थुकी लाव रे आधी!" ते बरोबरच आहे. फ्लोरो कोरडा आवळला की घासून तापतो. गाठीजवळ पांढुरका, खरखरीत पट्टा दिसला तर ती कापून दुसरी बांधा.

ल्यूरसाठी हीच गाठ नेढ्यापासून थोडी अलीकडे थांबवली की छोटा फास राहतो आणि ल्यूर मोकळा डुलतो. इथेच युनीचा अर्धा गुण कापतो, कारण मोठा मासा ओढायला लागला की तो फास बंद होतो आणि नंतर नखाने मागे सरकवावा लागतो. फास कायम उघडा हवा असेल तर नॉन-स्लिप लूप बांधा. 40 पौंडाला चार वेढे बास. दोरी जाड तितके वेढे कमी.

ब्रेड आणि लीडर जोडायलाही दोन युनी समोरासमोर चालतात. एफजी गाठ त्याहून बारीक बसते, रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही, पण ती मी घरी बसून बांधतो. होडी हलत असताना एफजीचे वीसेक वेढे ज्याला जमतात त्याला नमस्कार.

नेटवरचे टक्केवारीचे तक्ते मी फारसे मनावर घेत नाही. दोरी वेगळी, हात वेगळा. त्यापेक्षा लीडरच्या तुकड्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गाठींनी दोन गळ बांधा, पकडीत धरून ओढा आणि आधी कोणती जाते ते बघा. चष्मा लावून, कारण गळ सुटला की कुठे उडेल सांगता येत नाही.

युनीला पाचपैकी साडेचार गुण. सुरमईसाठी वायर लावणाऱ्यांना मात्र यातलं काही उपयोगाचं नाही. तिथे धातूची नळी दाबून बसवायची.