कथा सैल, आठवणी घट्ट

तुळशीचे लग्न उरकले तरी यंदाच्या ज्या दिवाळी अंकाने माझी उशी सोडली नाही, त्याचे श्रेय त्यातील सात कथांना नव्हे, तर चार आत्मपर लेखांना द्यावे लागते. अंकाचे नाव घेत नाही, कारण तक्रार एकट्या त्याच्यापुरती नाही.

सर्वांत सरस लेख एका निवृत्त एसटी वाहकाचा आहे. मुक्कामी गाडी गावात लावून, देवळाच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात तो दिवसाचा हिशेब मांडतो, तेव्हा अकरा रुपये कमी भरतात. जास्तीचे सुटे कोणाच्या हातात गेले, हेही त्याला नेमके आठवते. पदरचे पैसे घालून तो भरणा पुरा करतो. पुढच्या आठवड्यात तीच बाई गाडीत चढते, तो तिचे तिकीट फाडतो आणि लेख तिथेच थांबतो. त्या अकरा रुपयांवर लेखकाने एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही.

नेमका हाच संयम कथांत सापडत नाही. कोकणातले घर विकण्यापूर्वी भांड्यांची वाटणी करणाऱ्या दोन भावांच्या कथेत थोरला भाऊ आजीचे नाव कोरलेले तांब्याचे घंगाळ हळूच भिंतीकडे फिरवून ठेवतो, आणि वाचणाऱ्याच्या पोटात कालवते. पण लगेच पुढची दीड पाने लेखक तुटत चाललेल्या नात्यांवर प्रवचन देतो. ती दीड पाने संपादकाने निर्दयपणे कापायला हवी होती. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडले, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा पुन्हा लिहायला लावत, ही आठवण अजून सांगितली जाते. त्या शिस्तीचा काहींना जाच झाला असेलही; या कथेला मात्र तिची गरज होती. उरलेल्या कथांपैकी दोन बऱ्या आहेत, बाकीच्या आता आठवतही नाहीत.

मुद्रितशोधन ढिसाळ आहे आणि वाहकाच्या लेखाच्या ऐन मध्यात सोन्याच्या पेढीची पानभर जाहिरात घुसवली आहे. चारशे रुपये मोजल्याचा पश्चात्ताप नाही. पण पुढच्या वर्षीचा अंक मी आधी वाचनालयातून आणीन, आणि अनुक्रमणिकेत आत्मपर लेख किती आहेत ते पाहूनच विकत घ्यायचे ठरवीन.