‘श्यामची आई’ विकत घेताना: आधी रात्री मोजा

साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या हिशेबाने २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. त्यामुळे दुकानात एकाच नावाच्या पाच-सहा प्रती शेजारी शेजारी दिसतात, पण आतला मजकूर एकच असतो असे नाही.

म्हणून आधी अनुक्रमणिका उघडा. ‘प्रारंभ’ आणि त्यापुढे ४२ रात्री, म्हणजे प्रकरणे, हव्यात. स्वस्त प्रतींत बळी जातो तो बहुधा ‘प्रारंभ’चा, आणि तो गेला की श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री हे सांगतोय हेच कळत नाही. मग ‘रात्र सातवी’ कशाची, असे मूल विचारणारच. ‘संस्कारकथा’ असे पोटशीर्षक दिसले तर ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण आहे का ते जरूर पाहा. आई श्यामला अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून द्यायला पाठवते, ते हे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषणाला बसलेले साने गुरुजी इथे दिसतात. हे वगळून उरते ती नुसती गोडगोड आई.

छपाईची परीक्षा ओव्यांवर होते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, संस्कृत श्लोकातल्या विसर्गाच्या जागी अपूर्णविराम बसतो. ओव्यांच्या ओळी गद्यासारख्या सलग लागल्या असतील तर प्रूफ कोणी वाचलेले नाही, असे खुशाल समजा. ई-बुकांत हा रोग अधिक.

बांधणी पाहायला पुस्तक मधोमध उघडा. फर्म्याच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, मध्यावर दोरा दिसला तर शिलाई आहे. नुसत्या डिंकावर चिकटवलेली प्रत पूर्ण उघडली की कण्याशी कडकडते आणि मुलांच्या हातात पाने सुटू लागतात. टाइप १४ पॉइंटच्या आसपास असावा.

लेखक-परिचय बहुतेक ठिकाणी पालगडचा जन्म, १८९९, अमळनेरची शिक्षकी एवढ्यावर उरकतात. नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत हे लिहिले गेले, ही गोष्ट ज्या प्रतीत नाही तिच्यावर निदान रुसावे तरी. शब्दार्थ दिलेली प्रत मिळाली तर उत्तम. माजघर, पडवी, पत्रावळ लावणे हे शहरातल्या मुलांना अडते.

सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतः वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. ‘पुण्यात्मा यशवंत’ सुरुवातीलाच येते आणि त्यात धाकटा भाऊ जातो. त्या दिवशी पुढची रात्र घेऊ नये. एरवी रोज एक धरली तर सहा आठवडे लागतात, म्हणजे मे महिन्याची सुट्टी जवळजवळ पुरते.