कंडोम कॅथेटर: माप चुकलं की सगळं चुकलं

लघवीवर ताबा राहत नाही म्हटलं की मेडिकलवाला डायपर पुढे करतो. पुरुषांसाठी दुसरीही वस्तू असते, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. कंडोमसारखं चढवायचं आवरण, पुढे नळी आणि मांडीला किंवा पोटरीला बांधायची पिशवी. मुंबईच्या दमट हवेत ओला डायपर जांघेत चार तास राहिला की कातडी सोलवटते, आणि विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याला तो वाटेत बदलायलाही जागा नसते. अशांना ही वस्तू जरूर घ्या म्हणून सांगू.

पण त्याआधी सोनोग्राफी करून घ्या. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते कळलं पाहिजे. प्रोस्टेट वाढून वाट अडली असेल तर मूत्राशय तुडुंब भरतं आणि वरचं तेवढं थेंब थेंब सांडत राहतं. त्यावर पिशवी लावली की कपडे कोरडे राहतात, आत मात्र मूत्रपिंडांवर ताण येत राहतो.

प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा परळला केईएमच्या आसपास सर्जिकलच्या दुकानांत माल मिळतो. 'मिडियम द्या' असं सांगून घेऊ नका. कागदाची पट्टी लिंगाच्या मध्यावर गुंडाळा, घेर मिलिमीटरमध्ये मोजा आणि ३.१४ ने भागा. घेर ९४ आला तर व्यास ३० मिमी, आवरण त्याच मापाचं मागा. सैल घेतलं तर गळतं, घट्ट घेतलं तर सूज येते. लॅटेक्सचं स्वस्त पडतं, पण काहींना त्याने खाज येते, चट्टे उठतात. सिलिकॉनचं महाग असलं तरी पारदर्शक असतं, आतली कातडी दिसते. परवडत असेल तर तेच घ्या.

'निसटतं' ही तक्रार बहुतेक वेळा लावण्यातल्या चुकीमुळे येते. केस कात्रीने बारीक करा. साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. तेल, पावडर, क्रीम काहीही नको, नाहीतर आवरणाचा आतला चिकटपट्टा धरतच नाही. पुढची त्वचा मागे ओढलेली ठेवू नका. टोक आणि नळी यांच्यात दोन सेंटिमीटर जागा सोडा, आवरण उलगडत न्या आणि दहा-पंधरा सेकंद मुठीत हलकं दाबून धरा. वरून साधी चिकटपट्टी गोल गुंडाळायची नाही, रक्तपुरवठा अडतो. टोक निळसर किंवा सुजलेलं दिसलं तर आवरण लगेच काढा. रोज नवं लावायचं.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, अर्धी भरली की रिकामी करावी. पोटरीला बांधली असेल तर गुडघ्यामागे नळी मुडपते. बाकावर बसल्यावर लघवी मागे तुंबते आणि आवरण सुटतं. म्हणून बसून-उठून बघा, मगच पट्टा आवळा. रात्री दोन लिटरची पिशवी पलंगाच्या दांडीला अडकवा, जमिनीवर टेकवू नका.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळत असेल तर दिवसभर हेच लावून बसू नका. पोटातला वारा (गॅस) अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला तीन महिनेही लागतात. घाईची लघवी असेल तर मिराबेग्रॉनसारखी औषधं आहेत, ती युरॉलॉजिस्टला विचारूनच घ्यावीत. आणि पिशवी कोरडी असून ओटीपोट टणक लागलं, तर नळी तपासा. ती मोकळी असेल तर थेट कॅज्युअल्टी गाठा.