रास्पबेरी पाय ३ वर फ्रीबीएसडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने माझ्याकडचा रास्पबेरी पाय ३ हा छोटा, एका बोर्डावरचा संगणक लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी या युनिक्स धर्तीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो आहे. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याचे तापमान नोंदवणे आणि एक रिले (विजेने चालणारा स्विच) चालू-बंद करणे, एवढेच त्याचे काम. मात्र आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि या बोर्डावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही; त्यामुळे वीज परत आल्यावर राउटर सुरू होऊन इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंतच्या नोंदींवर भलतीच वेळ पडत असे. म्हणून डीएस३२३१ या घड्याळाचे मॉड्यूल जोडायचे ठरवले, आणि सगळा घोळ तेथेच झाला.

जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या बोर्डावरच्या पिना, यांबाबत तक्रारीला जागा नाही. 'जीपीआयओसीटीएल' या आज्ञेने पिन आउटपुट केली, तिला १ दिला, की रिले टक् करून लागतो. सीरियल पोर्टसाठीही काही करावे लागले नाही, कारण फ्रीबीएसडीच्या तयार इमेजमध्ये ब्लूटूथ आधीच बंद ठेवून तो पोर्ट पिनांकडे वळवलेला असतो.

घड्याळाचे मॉड्यूल मी ३.३ व्होल्टच्या पिनेवर जोडले. ५ व्होल्ट दिले असते, तर त्यावरील पुल-अप रोधांमुळे डेटाच्या तारेवरही ५ व्होल्ट आले असते, आणि पायच्या पिना ते सोसत नाहीत. आयटूसी बस (दोन तारांवर अनेक चिपा जोडण्याची पद्धत) स्कॅन केल्यावर ५७ आणि ६८ हे षोडशमान पत्ते दिसले. पहिला मॉड्यूलवरील ईईप्रॉम या स्मृतीच्या चिपचा, दुसरा घड्याळाचा. म्हणजे जोडणी बिनचूक होती, तरी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, घड्याळाची दखल घेईना. यूएसबीप्रमाणे आयटूसीवरचे उपकरण आपली ओळख स्वतः सांगत नाही. ती डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरील उपकरणांच्या यादीत, लिहून द्यावी लागते. त्यासाठी छोटा ओव्हरले (त्या यादीला जोडायची पुरवणी) लिहिला, 'डीटीसी' या कंपाइलरने कंपाइल केला, लोडरच्या (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये त्याचे नाव घातले. दोन संध्याकाळी गेल्या, तरी परिणाम शून्य.

शेवटी सीरियल केबल लावून १,१५,२०० बॉडवर बूट होताना पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ओव्हरले कोणत्या चिपसाठी आहे हे सांगणारी 'कंपॅटिबल'ची ओळ मी जुन्या पायच्या उदाहरणावरून जशीच्या तशी उचलली होती, आणि ती जुळत नसल्याने लोडर ओव्हरले नाकारत होता. तसा संदेशही तो देत होता, पण कर्नल सुरू होण्याआधी. मी बसलो होतो एसएसएचवर, म्हणजे सिस्टीम सुरू झाल्यावरच नेटवर्कवरून जोडता येणाऱ्या टर्मिनलवर, मला तो दिसणार कसा? ओळ बीसीएम२८३७ (पाय ३ची मुख्य चिप) अशी दुरुस्त केली आणि पुढच्याच बूटला घड्याळ लागले. घड्याळाच्या चिपच्या आतले तापमानही 'सिसकंट्रोल' या आज्ञेत दिसू लागले, ते वरकड.

त्यानंतर टाकीतला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, ४.७ किलोओहमच्या रोधासह, अर्ध्या तासात मार्गी लागला. मॅन्युअल पाने नेमकी आहेत, फक्त ती आधी वाचायला हवीत. पायथनच्या ज्या लायब्ररी लिनक्सच्या डिव्हाइस फाइलींवर विसंबून आहेत त्या येथे चालत नाहीत, म्हणून माझी नोंदवही साध्या शेल स्क्रिप्टवर आहे. बोर्डावरचे वायफायही चालत नाही. गच्चीपर्यंत लॅनची केबल ओढली आहे आणि पावसाळ्यात तिचे टोक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो.