एसएलडीचं सॉफ्टवेअर, आठ महिने वापरून (मुख्यतः एफ-८ बद्दल)

एसएलडी म्हणजे सिंगल लाइन डायग्राम, विजेच्या जोडणीचं एकरेषी ड्रॉइंग. ते काढायच्या या सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, सपोर्टशी भांडण अजून मिटलेलं नाही. ज्यांनी वापरलंय ते ओळखतीलच. फीचर्सची यादीही देत नाही, ती डेमोत सगळ्यांनी ऐकलेली असते.

माझं भोसरीत छोटं डिझाइन ऑफिस आहे, मी आणि एक ड्राफ्ट्समन. कामं बहुतेक चाकणच्या कारखान्यांची: २२ केव्हीचा इनकमर (बाहेरून येणारा पुरवठा घेणारं पॅनेल), मीटरिंग क्युबिकल, एक-दोन ट्रान्सफॉर्मर, खाली पीसीसी (कारखान्यात वीज वाटणारं मुख्य पॅनेल), डीजी (डिझेल जनरेटर), एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं पॅनेल) आणि हल्ली प्रत्येकाला हवं असलेलं छतावरचं सोलर. इतकी वर्षं साध्या कॅडमध्ये जुनं ड्रॉइंग उघडायचं, ब्लॉक कॉपी करायचे, नाव बदलायचं, असंच चाललं होतं. या सॉफ्टवेअरच्या एका लायसनचे वर्षाला ३८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. अशी दोन घेतली. सही करताना हात अडखळला होता, हे कबूल करतो.

पहिल्याच महिन्यात पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. एका क्लायंटने ७५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर काढून १००० चा घ्यायचं ठरवलं. मी सवयीने जुनंच ड्रॉइंग घेतलं, केव्हीए बदलला, मोकळा झालो. सॉफ्टवेअरने पीसीसीचे सगळे आउटगोइंग एमसीसीबी (फॉल्ट झाला की वीज तोडणारे ब्रेकर) लाल केले. चिडून कागदावर हिशोब मांडला. १००० केव्हीएला ४३३ व्होल्टवर फुल लोड करंट १३३३ अँपिअर, ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) ५ टक्के, म्हणजे फॉल्ट, शॉर्ट सर्किटला वाहू शकणारा करंट, २६.७ केए (हजार अँपिअर). वरच्या ग्रिडचा इम्पीडन्स धरला तर आकडा थोडा उतरतो, पण मोठ्या मोटरींची भर पडून पुन्हा चढतो. आणि मी ठेवलेले एमसीसीबी २५ केएपर्यंतच तोडू शकणारे. ७५० ला फॉल्ट २० केए होता, तेव्हा ते चालत होते. त्यानंतर ३६ केएचे मागवले. पॅनेलवाला कुरकुरला, क्लायंट त्याहून जास्त.

केबल शेड्यूल आपोआप निघतं, ठीक आहे. चिन्हं आयईसीची (आंतरराष्ट्रीय) आणि संरक्षणाच्या रिलेचे नंबर ५०/५१, ८६ असे एएनएसआयचे (अमेरिकन), ही आपल्याकडची खिचडीही त्याला पचते. टायटल ब्लॉकमध्ये देवनागरी टाकली की चौकोन येतात.

आता एफ-८.

चाकणच्या एका प्लांटच्या पीसीसीत १६ फीडर (एकेका लोडला वीज नेणारे खण), एफ-१ ते एफ-१६. एफ-७ आणि एफ-८ च्या मधे एक स्पेअर खण होता, ड्रॉइंगवर त्याचा टॅग एसपी-१. सोलरचा फीडर तिथे घ्यायचं ठरलं. मी स्पेअरवर क्लिक करून त्याचा फीडर केला. सॉफ्टवेअरने न विचारता त्याला एफ-८ केलं आणि जुन्या एफ-८ चा एफ-९, एफ-९ चा एफ-१०, असं करत सगळी रांग एकेक घर पुढे सरकवली. ना सूचना, ना रिव्हिजनची खूण. हाताने काम करणारा कोणीही तिथे ‘७ए’ लिहून पुढे गेला असता. फीडरचा नंबर हा पावती पुस्तकातला अनुक्रमांक नसतो. तो पॅनेलच्या नेमप्लेटवर कोरलेला असतो, केबलच्या दोन्ही टोकांच्या टॅगवर असतो, लॉकआउटच्या (फीडर बंद करून कुलूप लावल्याच्या) रजिस्टरात असतो. कागद बदलला म्हणून पितळेची पट्टी बदलत नाही.

या बदललेल्या ड्रॉइंगची, म्हणजे आर-३ (रिव्हिजन ३) ची प्रिंट पॅनेल रूममध्ये लागली. रविवारी शटडाउन, कॉम्प्रेसरच्या केबलचं टर्मिनेशन बदलायचं होतं. नव्या प्रिंटवर कॉम्प्रेसर एफ-९. पॅनेलवर एफ-९ म्हणजे पेंट शॉप, कॉम्प्रेसर अजून एफ-८ च. त्या पॅनेलच्या पट्ट्यांवर फक्त नंबर आहेत, लोडची नावं कधीच खरवडून गेलीत. वायरमन काकांनी एफ-९ बंद केला, कुलूप लावलं, कॉम्प्रेसरपाशी गेले आणि सवयीप्रमाणे आधी टेस्टर लावला. मला फोन: “साहेब, नऊ बंद केलाय, पण इथे तिन्ही फेज आहेत.” मी घरी मिसळ खात होतो. पुढचा घास उतरला नाही.

चूक माझीही. आर-२ आणि आर-३ शेजारी ठेवून पाहायला हवे होते. पण मी एकच खण बदलला होता, सोळाच्या सोळा कशाला तपासीन?

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, सॉफ्टवेअर ठरवल्याप्रमाणेच चालतंय. मग फोनवर वाद. मग उपाय सुचवला: प्रत्येक टॅगवर राइट क्लिक करून तो लॉक करा. फीडरला टॅग, त्याच्या सीटीला (करंट ट्रान्सफॉर्मरला) टॅग, केबलला टॅग. सोळा फीडरचे किती क्लिक झाले ते तुम्हीच मोजा. ३८,००० भरून माऊस झिजवायचा.

इथवर मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं, आणि दोन तारे देणार होतो. परवा ड्राफ्ट्समनला प्रोजेक्ट सेटिंगच्या शेवटच्या टॅबमध्ये, पान पार खाली सरकवल्यावर, जुने टॅग गोठवायची खूण सापडली. एक टिक, काम झालं. करून पाहिलं, चालतं. तेव्हा आधीचं थोडं मागे घेतो: सोय आहे. मात्र ती मुळात बंद असते, टेम्प्लेटमध्ये सेव्ह होत नाही, प्रत्येक नव्या प्रोजेक्टला आठवणीने लावावी लागते. आणि ती आहे हे सपोर्टच्या माणसाला अकरा दिवसांत एकदाही आठवलं नाही. मी त्याला कळवलं तेव्हा त्याने माझे आभार मानले!

तर तीन तारे. फॉल्टच्या हिशोबासाठी एक लायसन पुढच्या वर्षी ठेवणार, दुसरं सोडणार. ड्राफ्ट्समन जुन्या कॅडवर खूश आहे, त्याचे ब्लॉक जिथे ठेवले तिथेच राहतात.

काल मेल आला की तुमची तक्रार सुटली असं धरून बंद करत आहोत. मी ती पुन्हा उघडायला सांगितली. उघडली, पण तिकिटाचा नंबर बदलून.