बेदाण्याची लेबलं आणि न छापायची रेघ : आठ महिन्यांनंतर

तासगावला आमचा बेदाण्याचा छोटा घरगुती धंदा आहे. माल आमच्याच शेडवरचा. पाव आणि अर्धा किलोच्या पुड्या मी आणि माझी जाऊ मिळून भरतो, जोडीला हळद पावडर. आधी लेबलं सांगलीहून छापून यायची. हजार लेबलांच्या खाली कुणी काम घेत नाही, आणि भाव बदलला की उरलेला गठ्ठा वाया. म्हणून मार्चमध्ये, शेडवर माल वाळत असतानाच, घरच्या इंकजेटवर वर्डमधून लेबलं काढायला लागले. आता दिवाळी उरकली, तर लिहून टाकते. प्रिंटरबद्दल किंवा कागदाबद्दल मला फारसं सांगायचं नाही. लेबलांच्या साच्यातल्या चौकटींबद्दल सांगायचंय. पडद्यावर त्या दिसल्याच पाहिजेत आणि कागदावर एकही उमटता कामा नये.

आम्ही वापरतो तो ए-फोर कागद, आधीच काप दिलेल्या २१ चिकट लेबलांचा. तीन उभ्या रांगा, प्रत्येकीत सात. एक लेबल ६३.५ बाय ३८.१ मिलिमीटर, कोपरे गोल. साच्याची फाइल आयती मिळाली, त्यात प्रत्येक लेबलाच्या जागी गोल कोपऱ्याची चौकट काढलेली होती. मी मजकूर भरला, प्रिंट दिलं, आणि मजकुरासोबत २१ काळ्या चौकटीही छापून आल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "असू दे की गं, बॉर्डर बरी दिसतीय." पहिल्या कागदावर खरंच बरी दिसत होती. दुसऱ्यावर नाही. प्रिंटर कागद ओढताना मिलिमीटरभर इकडेतिकडे करतोच. नुसता मजकूर मिलिमीटरभर सरकला तर कुणाच्या बापाला कळत नाही. पण कापाच्या अगदी कडेला रेघ असली की लगेच उघडं पडतं, कारण एका बाजूला पांढरी पट्टी उरते आणि दुसऱ्या बाजूची रेघ शेजारच्या लेबलावर जाऊन बसते. पुडी हातात घेतल्याबरोबर माल घाईत भरलाय असं वाटतं.

पहिला उपाय सुचला तो कुणालाही सुचेल असाच. चौकटींची रेघ काढून टाकली. छपाई स्वच्छ आली, पण आता पडद्यावरही काही दिसेना. आमच्या लेबलावर मजकूर दाटीवाटीने असतो : निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी फोन. गोल कोपरा कुठे वळतो ते दिसलं नाही तर पत्त्याचं शेवटचं अक्षर हमखास कापात जातं. माझं गेलंही, चाळीस पुड्यांवर.

मग पुतण्याने वर्डच्या ऑप्शन्समध्ये डिस्प्लेखाली असलेल्या 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड' या ओळीसमोरची बरोबरची खूण काढून टाकली. चौकटी पडद्यावर राहिल्या, कागदावरून गेल्या. मी खूश. पण त्याबरोबर द्राक्षाच्या घडाचं आमचं चित्रही गेलं आणि टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलेला भावही गेला. ही खूण काढली की आकार, टेक्स्ट बॉक्स, मजकुरावर तरंगणारी चित्रं, सगळ्यांचीच छपाई थांबते. चौकट कुठली आणि चित्र कुठलं हे वर्डला कळायचं काही कारण नाही. तोड निघाली : चित्राला 'इन लाइन विथ टेक्स्ट' करून ओळीत बसवलं आणि भाव टेक्स्ट बॉक्समधून काढून सरळ टेबलाच्या खणात टाइप केला. दोन्ही छापायला लागले. एप्रिल ते जून असंच चाललं.

फजिती झाली ती जूनमध्ये, आणि चूक पूर्ण माझी. ती खूण एका फाइलपुरती नसते, त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइलींना लागू होते. मी ती परत लावायला विसरले. पुतण्याने शाळेचा प्रकल्प छापला तर जलचक्राच्या आकृतीच्या जागी पांढराशुभ्र कागद. आम्ही शाईला दोष दिला, प्रिंटरचं हेड दोनदा साफ केलं, शाई फुकट घालवली. तिसऱ्या दिवशी माझी ट्यूब पेटली. त्याला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून जी पद्धत वापरते ती मला खरी पटली, म्हणून जरा सविस्तर सांगते. एकवीसही चौकटी निवडून कट केल्या आणि पानाच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पानावर आपोआप येणाऱ्या वरच्या भागात, पेस्ट केल्या. तिथे त्यांचा एकच ग्रुप केला आणि तो मजकुरामागे टाकला. मग ग्रुपची जागा आकडे घालून पक्की केली, पानाच्या डाव्या कडेपासून ७.२ मिलिमीटर आणि वरून १५.१५. हे आकडे कुठून आले म्हणाल तर साधी वजाबाकी आहे : सात लेबलांची उंची २६६.७, कागद २९७, उरलेल्याचे दोन भाग. जागा 'पेज'पासून मोजायला सांगायची, परिच्छेदापासून नाही, नाहीतर ग्रुप भलतीकडेच जाऊन बसतो.

आता छापायच्या आधी हेडरवर दोनदा क्लिक करायचं, ऑल्ट आणि एफ-१० दाबून सिलेक्शन पेन, म्हणजे आकारांच्या नावांची यादी, उघडायचं, ग्रुपच्या नावासमोरच्या डोळ्याच्या चित्रावर क्लिक करून तो मिटायचा. चौकटी गेल्या, चित्र जागेवर. ग्रुपचं नाव मी 'आखणी' ठेवलंय, नाहीतर त्या यादीत काय काय आकडेवाली नावं असतात. हेडरमुळे आणखी एक फायदा झाला. नवीन पान जोडलं की आखणी आपोआप येते आणि मजकूर टाइप करताना चुकून धक्का लागून सरकत नाही. एक अडचण आहे, हेडरमधली रेघ पडद्यावर फिकट दिसते. मी तिला राणी रंग दिला.

आणि गंमत म्हणजे चौकटी छापायची गरजही पडते. नवा गठ्ठा फोडला की मी डोळा उघडा ठेवून साध्या कागदावर एक प्रत काढते, लेबलांच्या कागदाला चिकटवून खिडकीशी धरते. राणी रेघ कापावर बसली की डोळा मिटायचा आणि खरा कागद घालायचा. न बसली तर बहुतेक वेळा प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' लागलेलं असतं. ते छपाईला थोडं आवळतं आणि खालच्या रांगेपर्यंत फरक वाढत जातो. शंभर टक्क्यांवरच छापायचं.

ज्यांची लेबलं चौकोनी आहेत त्यांनी एवढा खटाटोप करूच नये. वर्डमध्ये मेलिंग्जमधून लेबलं केली की टेबल तयार होतं. त्याच्या लेआउटमध्ये 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' लावा. तुटक रेघा पडद्यावर दिसतात, छापत कधीच नाहीत. हे मला मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं तर हळदीची चौकोनी लेबलं तरी सुखाने झाली असती.

नणंदेकडे वर्डऐवजी लिबरऑफिस आहे. त्यातल्या चित्रं काढायच्या 'ड्रॉ' या प्रोग्रॅममध्ये आखणीसाठी वेगळा लेयर, म्हणजे थर, करून त्याची 'प्रिंटेबल' ही खूण काढता येते, म्हणजे रेघा सतत दिसतात पण छापत नाहीत, डोळा उघडझाप करायची भानगडच नाही. महिनाभर करून पाहिलं, या एका कामाला तेच सरस वाटलं. पण मालाच्या दरांच्या याद्या, ग्राहकांचे पत्ते सगळं वर्डमध्ये, आणि जाऊबाईंना तेच सवयीचं. त्यामुळे परत आले.

एक गोष्ट मात्र आठ महिन्यांत जमली नाही. सातवी, म्हणजे सगळ्यात खालची आडवी रांग. कागदाचं शेपूट रोलरमधून सुटताना आमचा प्रिंटर अर्धा मिलिमीटर हिसका देतोच, आखणी कितीही बरोबर असो. त्या तीन लेबलांवर आता आम्ही फक्त 'नमुना' असं मोठ्या अक्षरात छापतो आणि बेदाण्याच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला, न्यायच्या छोट्या पिशव्यांना लावतो.