तिसऱ्या वाढदिवसाला काय घ्यावं: बॅटरीवरची गाडी, ठोकळे की भातुकली?

खेळणं घेताना आपण आया आधी बजेट बघतो, मग घरातली जागा. सुरक्षिततेची आठवण बऱ्याचदा बिल झाल्यावर होते. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

बॅटरीवरची गाडी दुकानात बाजी मारते. दिवे लागतात, गाणं वाजतं, मूल ती सोडायला तयार नसतं. घरी मात्र बटण दाबून बघत बसण्यापलीकडे त्याला काम उरत नाही. घ्यायचीच असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना, हे पाहाच. बटणासारखा चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर जखम होऊ शकते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तो नसलेली गाडी घेऊच नका.

ठोकळे चांगलेच, आणि वर्षानुवर्षं पुरतात. पण मोठ्या आकाराचे घ्या.

माझं मत भातुकलीला. मुलगा असला तरीही! 'त्याला कशाला चूल-बोळकी?' असं घरात कुणी म्हणेलच, पण लाटणं फिरवताना, वाटीतून वाटीत पाणी ओतताना हाताला जे वळण लागतं ते मुलगा-मुलगी बघत नाही. शिवाय सगळ्यांना जेवायला वाढायचं म्हणून बोलणंही वाढतं.

पुण्यात तुळशीबागेत स्टील, पितळ, लाकूड सगळं मिळतं. स्टीलच्या भांड्यांच्या कडांवरून बोट फिरवून बघा, काही फार धारदार असतात. पितळेची दिसायला देखणी, पण कल्हई नसेल तर त्यात चिंच-ताक कालवून खाऊ देऊ नका. लाकडी सेटबरोबर सावंतवाडीची रंगवलेली फळं घेतली तर खेळ आणखी रंगतो. केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना आयएसआयच्या नियमातून सूट आहे, त्यामुळे अशा खेळण्यावर मार्क नसेलही. रंगाची खात्री विक्रेत्याकडे करा आणि ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग उतरला तर परत करा. पावसाळ्यात लाकडाला बुरशी धरते, तेव्हा पाण्याचा खेळ स्टीलच्या भांड्यांत.

घरात रांगतं भावंड असेल तर सेटमधले बारके चमचे, झाकण्या आधीच काढून ठेवा.